दाताचा फोटो

दाताला कीड लागली म्हणतात, पण आत अळी वगैरे काही नसते. डोळ्यांना न दिसणारे जंतू तोंडातल्या गोडापासून आम्ल तयार करतात, त्याने दात पोखरतो. वरून भोक तिळाएवढे दिसते. आत किती पोखरले ते वरून कळत नाही, म्हणून एक्स-रे काढतात. हे किरण जर्मनीच्या रॉन्टजेन या शास्त्रज्ञाने १८९५ साली शोधले.

माझी खालची दाढ फार दुखायची. आजी म्हणाली, "दुधाचीच आहे, उपटून टाका." पण नाशिकच्या डॉक्टरांनी आधी फोटो काढला. तोंडात लहान पट्टी धरायची नि हलायचे नाही. पट्टी टोचते, किरण मात्र मुळीच कळत नाहीत. यंत्र विजेवर चालते. (वीज तर आमच्या एकलहऱ्यातच तयार होते!)

फोटोत दाताचे कवच पांढरे दिसते, कीड काळी. मधली नसेची जागापण काळीच. दोन्ही काळ्यांच्या मध्ये पांढुरकी भिंत उरली असेल तर दात साफ करून सिमेंट भरतात. भिंत नसेल तर नसेचा इलाज करावा लागतो. डॉक्टर म्हणाले, खरी कीड फोटोतल्यापेक्षा थोडी जास्तच असते. म्हणून त्यांनी दाढ ठोकूनही पाहिली.

माझी भिंत पातळ, पण शाबूत होती. आणि गंमत म्हणजे खाली हाडात नवी दाढ दिसली, मूळ अर्धेच झालेली! जुनी आत्ताच काढली तर शेजारची दाढ सरकून नवीची जागा अडवते. म्हणून जुनीत सिमेंट भरले.

इयत्ता ४ थी