पाचशे एक फेऱ्या

चि. सोनू,


हायबरनेटकडून एसक्यूएल लिहून घ्यायचं की ते हाताने लिहायचं, काय ते एकच ठरवा, असा तुमच्या टीममध्ये आग्रह आहे म्हणालीस. मी दोन्ही वापरते, तेही एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये.

ऑर्डर नोंदवणं, पत्ता बदलणं अशा कामांना हायबरनेट घे. ऑर्डर आणि तिच्यातल्या वस्तू एका ट्रान्झॅक्शनमध्ये जतन होतात, तेच ते इन्सर्ट लिहीत बसावं लागत नाही. महिनाअखेरचा विक्रीचा रिपोर्ट मात्र सरळ एसक्यूएलमध्ये लिही. लाखभर रेकॉर्ड जावामध्ये ओढून आणून तिथे बेरजा करणं मला बघवत नाही. ते काम डेटाबेसचंच.

माझी सुरुवातीची चूक सांगते. ऑर्डरच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे ग्राहकाचं नाव हवं होतं. लूप लावला, ऑर्डरवरून ग्राहक मागितला. कोड वाचायला छान होता. माझ्या लॅपटॉपवर डेटाबेसही तिथेच आणि चाचणीला दहाच ऑर्डरी, त्यामुळे पान झटकन उघडलं. प्रत्यक्षात 500 ऑर्डरी आल्या, ग्राहक सगळे वेगळे, आणि क्वेरी गेल्या 501: एक यादीची, बाकी एकेका ग्राहकाची. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर. एका फेरीला 2 मिलिसेकंद धर, नुसत्या जाण्यायेण्यात सेकंद गेला. ऑर्डरींबरोबरच ग्राहकही आणणारा जॉइन फेच लावल्यावर तेच काम एका क्वेरीत झालं. तेव्हापासून क्वेरीचा लॉग पाहिल्याशिवाय पान तयार झालं असं मी म्हणत नाही. तूही लॉग चालू कर आणि मोज.

हाताने लिहिशील तिथे व्हॅल्यू पॅरामीटरनेच दे, स्ट्रिंग जोडून कधीच नको. वसईच्या एखाद्या डिसोझांच्या इंग्रजीत लिहिलेल्या आडनावातल्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीनेही तशी क्वेरी मोडते, आणि त्याच फटीतून चोर आत येतो.

कनेक्शनचा हिशेबही आधीच कर. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100. सर्व्हरच्या चार प्रती आणि प्रत्येकीचा पूल 30 चा, म्हणजे 120. ऐन गर्दीत कनेक्शन नाकारली जातील. प्रत्येक पूल 10 पासून सुरू कर, हिकारी या पूल लायब्ररीचा मूळ आकडाही तोच आहे.

हायबरनेट असो की एसक्यूएल, सगळं रिपॉझिटरीच्या मागे राहू दे. स्क्रीनच्या कोडला टेबलाचं नाव कळता कामा नये. मग एखादं काम हायबरनेटवरून एसक्यूएलवर नेताना तेवढीच फाइल उघडावी लागते.

रविवारी फोन कर. तुमच्या सगळ्यात हळू पानाचा लॉग समोर घेऊन बसू. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी