पाण्यावरून पाहिलेली मुंबई

नाशिकच्या मुलास पाण्याची पहिली ओळख होते ती रामकुंडावर. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून पश्चिमसमुद्र सरळ रेषेंत सुमारें ८० किलोमीटरांवर आहे. पण नदी त्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालते व पूर्वसमुद्रास मिळते. आपल्या जिल्ह्याच्या परदेशी व्यापारानें मात्र नदीची वाट न धरतां घाट उतरून मुंबईचीच वाट धरली. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, मुंबईस गेलां तर राणीची बाग व चौपाटी पाहून परतूं नका. अपोलो बंदरावरून घारापुरीस जाणाऱ्या लाँचमध्यें बसा, आणि तोंड घारापुरीकडे न करतां शहराकडे करा.

लाँच सुटते ती गेटवे ऑफ इंडियाच्या पायऱ्यांपासून. पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजीं येथें उतरले त्यांच्या स्मरणार्थ ही कमान उभारली. ती पुरी होऊन खुली झाली मात्र ४ डिसेंबर १९२४ रोजीं. पुढें २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं अखेरची ब्रिटिश पलटण याच कमानींतून जहाजावर चढली.

लाँचमध्यें नारिंगी जीवरक्षक जाकीट मिळतें. उकडतें म्हणून तें मांडीवर घेऊन बसण्याचा मोह होतो, तो आवरावा. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच मार्गावर नौदलाची एक वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळली आणि दहाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

एका सहलींत एका मुलानें विचारलें, “सर, मोठा समुद्र तर शहराच्या पलीकडच्या बाजूस आहे; मग जहाजें इकडे कां?” प्रश्न अगदीं नेमका होता, आणि त्याचें उत्तर जमिनीवर उभें राहून दिसत नाहीं. लाँच दहा-पंधरा मिनिटें गेली कीं तें आपोआप दिसूं लागतें. मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली एक भिंतच आहे. पावसाळ्यांत नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा तिच्या पश्चिम अंगावर आदळतात. पूर्वेस, भिंत व कोंकणची भूमि यांच्यामध्यें, खोल व त्यामानानें शांत पाणी राहतें. या पाण्यासाठींच शहर वसलें. पोर्तुगीजांनीं १६६१ च्या विवाहकरारांत हें बेट इंग्लंडच्या राजास दिलें व राजानें १६६८ सालीं तें वर्षाला १० पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. शिवाजीमहाराजांस या पाण्याचें मोल पुरतें ठाऊक होतें. १६७९ सालीं त्यांनीं बंदराच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर दुर्ग बांधावयास घेतला, आणि इंग्रजांच्या आरमारास तें काम थांबवितां आलें नाहीं. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें ज्या बारा मराठा दुर्गांस जागतिक वारसा ठरविलें, त्यांत ही खांदेरी आणि आपल्या बागलाणांतील साल्हेर, दोन्ही आहेत.

डाव्या हातास प्रथम नौदलाची गोदी लागते. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनीं अठराव्या शतकांत येथें जहाजें बांधण्यास आरंभ केला. येथलीं जहाजें सागवानाचीं असत आणि ओकच्या जहाजांपेक्षां अधिक टिकत. १८१३ सालीं येथें बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावरच १८४२ मध्यें चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली.

त्यापुढें मालाच्या गोद्या. येथें भरती-ओहोटींतील फरक मोठ्या उधाणाच्या दिवशीं चार मीटरांच्याही वर जातो. धक्क्याला बांधलेलें जहाज एवढें चढूं-उतरूं लागलें तर माल उतरवावा कसा? यावर तोड म्हणजे दरवाजे असलेली गोदी. भरतीच्या वेळीं जहाज आंत घ्यावयाचें व दरवाजे मिटावयाचे. बाहेर ओहोटी लागली तरी आंतील पाणी उतरत नाहीं. प्रिन्सेस गोदी १८८० सालीं व अलेक्झांड्रा (आतांची इंदिरा) गोदी १९१४ सालीं सुरू झाली.

खानदेश-वऱ्हाडचा कापूस मनमाड, नाशिकरोड, इगतपुरी असा थळ घाट उतरून याच बंदरीं येई. जपानांत कापडाच्या गिरण्या वाढल्या तेव्हां त्यांस तो हवा होता, पण वाहतूक पी. अँड ओ. प्रभृति कंपन्यांच्या मुठींत होती. जमशेटजी टाटा यांनीं निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीशीं करार केला, व ७ नोव्हेंबर १८९३ रोजीं ‘हिरोशिमा मारू’ हें जहाज कोबे बंदरांतून मुंबईकडे निघालें. प्रतिस्पर्ध्यांनीं भाडें इतकें पाडलें कीं टाटांना आपली जहाजें आवरावीं लागलीं. जपानी जहाजांची फेरी मात्र चालू राहिली. त्या कोबेंतही आज प्रवाशांस बोटींत बसवून बंदर दाखवितात. तेथील मुलांना कोणी खानदेशच्या कापसाची गोष्ट सांगत असेल काय, असें मनांत येतें.

कापूस बंदरास भोंवलाही. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभें होतें. युद्धाचे दिवस, पोटांत स्फोटकें आणि त्यांच्याच शेजारीं कापसाच्या गांठी. कापूस पेटला, तो विझेना, आणि दुपारीं चारनंतर दोन महास्फोट झाले. शेकडों माणसें मेलीं. आग विझवावयास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यांत होते. जहाजावरील सोन्याच्या विटा पुढें कित्येक वर्षांनीं गाळ उपसतांना सांपडल्या. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो या जवानांच्या स्मरणार्थ.

जवाहर द्वीप मागें पडलें कीं उत्तरेस अटल सेतूची रेषा दिसते. १२ जानेवारी २०२४ रोजीं खुल्या झालेल्या या २१.८ किलोमीटर लांबीच्या पुलापैकीं सुमारें १६.५ किलोमीटर भाग पाण्यावर आहे. घारापुरीच्या पलीकडे न्हावा-शेवा बंदराचे उंच यांत्रिक हात आकाशांत उभे असतात. १९८९ सालीं हें बंदर सुरू झाल्यापासून पेट्यांतून जाणारा बहुतेक माल तिकडे वळला. निफाड-दिंडोरीचीं द्राक्षें शीतपेट्यांत भरून युरोपास जातात, तीं तेथूनच. वाटेंत थंडावा तुटला किंवा जहाज चुकलें तर शेतकऱ्याचें वर्ष बुडतें. एवढें कळल्यावर ते हात पाहणारा नाशिककर मुलगा क्षणभर गप्प होतो.

इतक्यांत लाँच घारापुरीच्या धक्क्यास लागते. लेण्यांचा विषय मोठा आहे. त्यास स्वतंत्र लेख हवा.