देवक : कुळाची खूण

लग्नघरी मांडव पडतो. वाजंत्री वाजू लागते. घरातले एक जोडपे सवाष्णींसह मारुतीच्या देवळात जाते आणि झाडाच्या डहाळ्या घेऊन परत येते. त्या डहाळ्या मांडवाच्या मेढीला बांधतात, त्यांची पूजा करतात. मग म्हातारी माणसं म्हणतात, "देवक बसलं. आता सुतक आलं तरी लग्न थांबायचं नाही."

हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण देवक म्हणजे काय, असे मुलाने विचारले तर काय सांगाल? आज आपण तेच समजून घेऊ.

देवक म्हणजे काय?

देवक म्हणजे कुळाची खूण. ती बहुधा झाडाची असते. कोणाचे देवक वड, कोणाचे उंबर, कोणाचे कळंब, कोणाचे आंबा किंवा जांभूळ. काहींचे देवक पंचपालवी, म्हणजे पाच झाडांची पाने. काहींचे देवक पाखराचे असते. मोऱ्यांचे देवक मोराचे पीस, साळुंख्यांचे साळुंकीचे पीस, असे सांगतात. एखाद्या कुळाचे देवक शस्त्रही असते.

ज्याचे जे देवक, त्याचा तो मान राखतो. ते झाड तोडायचे नाही, त्याचे लाकूड जाळायचे नाही, ते पाखरू मारायचे नाही, अशी जुनी रीत आहे. दुसरी रीत अशी की, ज्यांचे देवक एक ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक करीत नाहीत.

पूर्वी लिहिणे-वाचणे थोड्यांना येत होते. कुळाचा कागद कोणापाशी नव्हता. मग आपले कोण आणि परके कोण, हे ओळखायचे कसे? खूण लक्षात राहते. म्हणून झाड आणि पाखरू हाच त्या वेळचा दाखला झाला.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणाचे देवक मोठे नाही, कोणाचे लहान नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात देवकाचा उल्लेख नाही. कायदा जवळचे नाते पाहतो, वय पाहतो. देवक एक निघाले म्हणून झालेले लग्न कायद्याने मोडत नाही. रीत माणसे जोडण्यासाठी झाली. तिच्यावरून लेकीसुनांचे हाल करू नयेत.

डोंगरातला वाघोबा

आपल्या डोंगरपट्ट्यात वारली, ठाकर, महादेव कोळी ही मंडळी वाघाला देव मानतात. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघ कोरतात. वर चंद्र-सूर्य असतात. त्याला शेंदूर लावतात. हाच वाघोबा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी गुराखी त्याला नैवेद्य दाखवतात आणि म्हणतात, "बाबा, आमची गुरं सांभाळ."

मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदली आहेत. तिथे आज पट्टेरी वाघ नाही, बिबट्या आहे. लोक त्यालाही वाघच म्हणतात. वाघ आपला शेजारी आहे, त्याची वाट त्याला द्यावी, आपली आपण धरावी, हा या पूजेचा अर्थ. मात्र नवस केला म्हणून बिबट्या सोडून देत नाही. तिन्हीसांजेला पोरांना एकटे बाहेर धाडू नये. गोठ्याला दार लावावे. देवाला हात जोडावे आणि हातात कंदीलही घ्यावा.

पूर्वेकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड समाजातही अशीच व्यवस्था आहे. तिथे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट आहेत. एका गटात लग्न होत नाही.

साता समुद्रापलीकडे

आता दूर जाऊ. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या काठी ओजिब्वे नावाचे आदिवासी राहतात. त्यांची कुळे क्रौंच, अस्वल, मासा अशा नावांची आहेत. एका कुळात ते लग्न करीत नाहीत. परगावचा माणूस आला आणि त्याचे कुळ तेच निघाले, तर त्याला भाऊ मानून घरात घेतात. त्यांच्याच भाषेतून 'टोटेम' हा शब्द जगभर गेला. टोटेम म्हणजे जवळजवळ आपले देवकच.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींत कोणाची खूण कांगारू, कोणाची एमू पक्षी. पुष्कळ ठिकाणी आपल्या खुणेचे जनावर ते खात नाहीत. बघा, या लोकांची आणि आपली कधी गाठ पडली नव्हती. तरी माणसाच्या मनात तीच गोष्ट आली.

एकच जनावर, अर्थ निराळे

घुबड घ्या. आपल्याकडे घुबड घरावर बसले की बायका घाबरतात. बंगालात तेच घुबड लक्ष्मीचे वाहन आहे. ग्रीस देशात ते विद्येच्या देवीचे पाखरू. अथेन्स शहराने ते आपल्या नाण्यावर छापले होते.

साप घ्या. आपण नागपंचमीला त्याला पुजतो. ग्रीस देशातल्या वैद्यांच्या देवाच्या काठीला साप गुंडाळलेला असे. आजही औषधपाण्याची ती खूण जगभर चालते.

यावरून काय कळते? घुबडाच्या अंगात अपशकुन नाही आणि धनही नाही. अर्थ माणसाने लावलेला आहे. घुबड आपले उंदीर खाते, एवढे मात्र खरे.

हे कळले नाही तर नुकसान होते. अमावास्येला घुबड मारल्याने गुप्तधन मिळते, असे सांगणारे भोंदू आहेत. मांडूळ सापाला दोन तोंडे असतात, तो घरात ठेवला की पैशांचा पाऊस पडतो, असे सांगून लाखो रुपये उकळतात. मांडुळाला तोंड एकच. शेपूट बोथट असते म्हणून दुसरे तोंड वाटते. तो बिनविषारी आहे, शेतातले उंदीर खातो. घुबड व मांडूळ पकडणे, विकणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पैसा जातो आणि माणूस तुरुंगात जातो. आम्ही कळकळीने सांगतो, असा कोणी दारात आला तर पोलिसांना किंवा वनखात्याला कळवा.

आपल्या दारात

१९७० साली सिडको स्थापन झाली. बेलापूर पट्टी, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. शेते गेली, मिठागरे गेली, बांधावरची झाडे गेली. आता देवकाची डहाळी पुष्कळदा बाजारातून विकत आणावी लागते. नाव राहिले, झाड राहिले नाही.

या नव्या शहरानेही एक खूण धरली आहे, ती रोहित पक्ष्याची. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हे गुलाबी पक्षी खाडीच्या चिखलात चरतात. चौकाचौकांत त्यांचे पुतळे आहेत. २०१५ साली ठाणे खाडीत त्यांचे अभयारण्य झाले. पण पुतळा चौकात आणि भराव खाडीत, असे झाले तर खूण फुकट आहे. खाडी राहिली तर रोहित राहील. कोळ्याची मासळीही राहील.

म्हणून आम्हांला वाटते, ज्याचे देवक जे झाड, त्याचे एक रोप त्याने लावावे. गावदेवीच्या आवारात, शाळेत, जिथे जागा मिळेल तिथे. नातवाच्या लग्नात डहाळी त्याच झाडाची असावी. देवकाचा याहून मोठा मान कोणता?

शब्दांचे अर्थ

डहाळी – लहान फांदी.
मेढ – मांडवाचा खांब.
सोयरीक – लग्नाचे नाते.
भोंदू – लोकांना फसवणारा.

सांगा व लिहा

१. तुमच्या कुळाचे देवक कोणते? घरातल्या वडील माणसांना विचारून लिहा.
२. एका देवकाची माणसे एकमेकांना काय मानतात?
३. मांडुळाला दोन तोंडे आहेत असे का वाटते?
४. तुमच्या देवकाचे झाड गावात कोठे आहे? नसेल तर कोठे लावता येईल?