मरुभूमीची काटकसर

भारताच्या वायव्येस थरचे वाळवंट पसरले आहे. त्याचा बहुतेक भाग राजस्थानात मोडतो. जैसलमेरच्या परिसरात वर्षभरात सरासरी 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. कोकणात तेवढा पाऊस कधी कधी एकाच दिवसात कोसळतो! उन्हाळ्यात येथील वाळू तव्यासारखी तापते. 19 मे 2016 रोजी फलोदी या गावी 51 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. उलट, हिवाळ्यातील कित्येक रात्री पारा शून्याच्या जवळ उतरतो.

अशा भूमीत कोणी जगत असेल, हे प्रथम खरेही वाटत नाही. परंतु थरमध्ये वृक्ष आहेत, गवत आहे, पशुपक्षीही आहेत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हाच जणू त्यांच्या जीवनाचा नियम होय.

प्रथम वनस्पतींकडे पाहू. येथील मुख्य वृक्ष खेजडी. दसऱ्याला महाराष्ट्रात जिची पूजा होते, ती शमी हीच. तिची मुळे पाण्याच्या शोधात वीस-तीस मीटर खोल जाऊ शकतात. पाने अगदी बारीक असल्यामुळे त्यांतून पाण्याची वाफ थोडी होते. ऐन उन्हाळ्यात, इतर झाडे उघडी पडली असता, खेजडीला नवी पालवी फुटते. तिचा पाला गुरे खातात व शेंगांची माणसे भाजी करतात.

केर नावाच्या झुडपाने तर पानांचा मोहच सोडला आहे. कोवळ्या फांद्यांवरील इवलीशी पाने लवकरच गळतात आणि अन्न तयार करण्याचे काम हिरव्या फांद्याच करतात. रुईच्या पानांवर मेणासारखा थर असतो. त्यामुळे आतील ओलावा आतच राहतो. काही लहान रोपांची रीत याहून निराळी आहे. त्यांच्या बिया वाळूत महिनोन्‌महिने निजून राहतात. पुरेसा पाऊस झाला म्हणजे त्या रुजतात आणि थोड्याच आठवड्यांत फुलून, नवे बी टाकून रोपे वाळून जातात.

प्राण्यांचे चातुर्यही कमी नाही. वाळूचा पृष्ठभाग भाजत असला तरी थोडे खोल गेल्यास गारवा मिळतो. म्हणून वाळवंटातील उंदीर बिळे खणून राहतात. सांडा नावाचा सरडा बिळाचे तोंड आतून मातीने बुजवितो आणि शेपटीत चरबी साठवितो. चिंकारा हरणास पानांतील ओलावा व दवबिंदू यांवरही पुष्कळ दिवस निभावता येते.

उंटाच्या वशिंडात पाणी असते, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तेथे चरबी असते आणि अन्न न मिळाल्यास ती उपयोगी पडते. पाण्याची बचत उंट वेगळ्याच रीतीने करतो. पाणी मिळेनासे झाले म्हणजे तो आपल्या शरीराचे तापमान पहाटे 34 अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी 40 अंशांपर्यंत चढू देतो. साहजिकच त्याला घाम थोडा येतो. शरीरातील पाणी घटून वजन एक चतुर्थांश कमी झाले, तरी तो तग धरतो. आणि पाणी दिसताच काही मिनिटांत सुमारे शंभर लिटर पिऊन टाकतो.

ही काटकसर कोणी एका दिवसात शिकलेले नाही. ज्यांना उष्णता व तहान सोसली, ते जगले आणि त्यांची संतती वाढली. असे हजारो पिढ्या घडत आले. म्हणूनच हे जीवन जितके चिवट, तितकेच नाजूकही आहे. परिस्थिती एकाएकी पालटली, तर या जिवांना सावरण्यास अवधी मिळत नाही.

मालढोक पक्ष्याचे तसेच झाले आहे. उघड्या माळावर राहणारा हा वजनदार पक्षी बहुधा वर्षाला एकच अंडे घालतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे उडताना समोरचे त्याला नीट दिसत नाही. पूर्वी माळावर अडथळाच नव्हता. आता तेथे विजेच्या तारा आल्या आहेत आणि त्यांवर आदळून तो मरतो. एके काळी सोलापूरच्या माळांवरही आढळणारा हा पक्षी आता देशात दोनशेदेखील उरलेला नाही. त्याला वाचविण्यासाठी 2019 पासून जैसलमेर जिल्ह्यात अंडी उबवून पिले वाढविली जात आहेत.

वाळवंटाचे मोल तेथील लोकांनी फार पूर्वी ओळखले होते. 1730 साली जोधपूरजवळील खेजडली गावी राजाचे सेवक खेजडीची झाडे तोडावयास आले. तेव्हा अमृतादेवी नावाच्या स्त्रीने झाडास मिठी मारली आणि प्राण दिला. तिच्या मागोमाग बिश्नोई समाजातील स्त्रीपुरुष पुढे झाले. त्या दिवशी एकंदर 363 जणांनी बलिदान केले, असे सांगतात.

मालढोकाला आपले डोळे बदलता येत नाहीत. माणसाला मात्र तारांची वाट बदलता येते.

स्वाध्याय

1. खेजडी व केर या वनस्पती पाण्याची बचत कशी करतात?
2. उंटाला घाम थोडा का येतो?
3. ‘जितके चिवट, तितकेच नाजूक’ असे लेखकाने का म्हटले आहे?
4. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या म्हणीचा अर्थ पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.