गडावर जाणाऱ्या दोघींना

नवस आपल्या घरचा आहे, तुझ्या मैत्रिणीचा नाही, हे आधी पक्कं ध्यानात ठेव. तुझी परीक्षा पार पडली तर गडावर जाऊन वणीच्या देवीची ओटी भरीन असं मी इथं वेम्बलीत बसून बोलले. आता माझे गुडघे चालत नाहीत म्हणून तुला पाठवते आहे. ती बिचारी हौसेनं येते आहे. उपास धरायचा, अनवाणी चढायचं, पहाटे काकड आरतीला उठायचं, यातलं जे करायचं ते तू कर. तिला डोळ्यांनीसुद्धा भाग पाडू नकोस. बरोबरच्या माणसाला फरफटत नेलं की दर्शन होतं, पण परतीच्या गाडीत दोघी दोन खिडक्यांकडे तोंड करून बसतात.

जायचं कधी, हे तिकिटाच्या दरावर ठरवू नका. ईस्टरच्या सुट्टीत जायचं म्हणाल तर आधी पंचांग उघडा. ईस्टरसुद्धा पौर्णिमा बघूनच ठरतो, आणि बहुतेक वर्षी ती आपली चैत्री पौर्णिमाच निघते. रामनवमीपासून त्या पौर्णिमेपर्यंत गडावर चैत्रोत्सव असतो. धुळे, जळगाव, नंदुरबारकडची माणसं रणरणत्या उन्हातून पायी येतात. खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीलाच अडवतात, वर फक्त एसटी जाते. यात्रा बघण्यासारखी असते, पण पहिल्या खेपेला आणि लंडनच्या हवेतून थेट उठून नको. जुलै-ऑगस्टमध्ये घाट हिरवागार होतो खरा, पण ढग असे उतरतात की समोरचा मार्कंड्या डोंगर दिसत नाही आणि पायऱ्यांवर पाय ठरत नाही. नाताळची सुट्टी सगळ्यात चांगली. फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी सोडा, हल्ली लोकांना नवं वर्ष देवळाच्या रांगेत सुरू करायची चटक लागली आहे. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमाही टाळा.

मैत्रिणीचा ओसीआय आहे की तिला ई-व्हिसा काढावा लागेल, हे आजच विचार. जन्म इथला आणि आडनाव पटेल म्हणून कागद आपोआप होत नाहीत.

मुंबईत उतरलात की त्याच दिवशी गडाचा हट्ट नको. रात्री नाशिकला मुक्काम करा, झोप काढा, आणि पहाटे निघा. नाशिकहून दिंडोरी, वणी करत गड साठ-पासष्ट किलोमीटर आहे. जुन्या सीबीएसवरून एसटी मिळते. नांदुरीपासून वर दहाएक किलोमीटरचा घाट आहे, आणि तोंडात आलेपाक नसेल तर तो लक्षात राहतो. पोटभर मिसळ हाणून घाटात बसू नका. मिसळ परतताना.

आता चढणीचं. गाडी गावापर्यंत जाते, तिथून देवळापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. या पायऱ्या उमाबाई दाभाड्यांनी बांधल्या असं सांगतात. २०१८ पासून रुळांवरची ट्रॉलीही सुरू झाली आहे, ती काही मिनिटांत वर नेते. ट्रॉलीनं गेलं तर पुण्य कमी पडतं असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. देवीनं कुणाच्या पायऱ्या मोजल्याचं मी ऐकलेलं नाही. तुला पायी जायचंय आणि तिला नाही, तर ती ट्रॉलीनं जाईल, तू पायी जा, आणि वर कुठं भेटायचं ते खालीच ठरवा. दोघी पायी निघालात तर जिची चाल हळू तिनं पुढं चालायचं. जोरात चालणारी पुढं गेली की मागचीला वाटतं आपण ओझं झालो, मग ती दम न घेता चढते आणि शेवटच्या टप्प्यावर मटकन बसते. जायच्या आधी चार-सहा शनिवारी दोघी हॉर्सेंडन हिलवर जाऊन या. टेकडी लहान आहे, गडाशी तिची काही बरोबरी नाही, पण कोण बोलत बोलत चढते आणि कोण गप्प होते ते तिथं कळेल.

साडीचं नीट ऐक. ईलिंग रोडवरून भारी साडी घेऊन देवीला नेसवू, असं तुझ्या आईच्या मनात आहे. तिथली देवी कड्यात कोरलेली, साधारण आठ फूट उंच, अठरा हातांची. तिला अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. दुकानातली साडी सहा वार, माझी नऊवारीसुद्धा तिला अपुरी. म्हणून इथून न्यायची ती साडी ओटीपुरती, तीही सुती किंवा साधी रेशमी. टिकल्या, खडे, जरीचा डोंगर असलेली नको, बॅगेचं वजन वाढतं आणि तिथं त्याचं अप्रूप नाही. महावस्त्र द्यायचंच असेल तर गडावर ट्रस्टच्या कार्यालयात विचारून, रीतसर पावती घेऊन द्या. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ हे सगळं तिथं पायथ्याशी मिळतं. पण भाव आधी विचार, आणि तयार ताट घेतलंस तर त्यातली साडी उलगडून बघ. वरची घडी चांगली आणि आत विरलेली, असंही असतं. ओटी भरताना नारळाची शेंडी देवीकडे. मैत्रीण चुंदडी आणणार असेल तर आणू दे. सुरत, नवसारी, डांगकडून तिथं इतकी माणसं येतात की तिला गुजराती बोलायला जागोजागी कुणीतरी भेटेल. कदाचित तिचंच काम तुझ्याआधी होईल.

माझ्या देवघरातला फोटो बघून गेलीस तर तिथं गोंधळशील. फोटोतली देवी शेंदरानं भरलेली, मोठमोठ्या डोळ्यांची आहे. २०२२ साली देऊळ काही आठवडे बंद ठेवून वर्षानुवर्षांचा शेंदराचा थर काढला आणि आतली मूळ मूर्ती दिसू लागली. मी ती या डोळ्यांनी पाहिलेली नाही, तू पाहणार आहेस. गाभाऱ्यात फार वेळ उभं राहू देत नाहीत, तेव्हा काय बघायचं ते आधी ठरव. मान बघ. ती किंचित एका बाजूला कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी स्तुती म्हणत होते आणि देवी कान देऊन ऐकत होती, म्हणून ती तशी, असं आमच्याकडे सांगतात. मैत्रिणीला हे रांगेतच सांगून ठेव, आत गेल्यावर सांगायला वेळ मिळायचा नाही. आणि फोन पर्समध्ये.

पाळीचा प्रश्न येईल. पुढं ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, डॉक्टरला विचारल्याशिवाय तर नाहीच. तुझ्या बाबतीत मला काय वाटतं ते मी तुला फोनवर सांगेन. तिच्या बाबतीत विचारायचंही नाही, तिचं ती बघेल.

माकडांना हसण्यावारी नेऊ नका. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की त्यात प्रसाद आहे असं ती धरूनच चालतात. नारळ, केळी, पाण्याची बाटली, सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये आणि चेन बंद. माकडानं काही ओढलंच तर सोडून द्या, खेचाखेच नको. चावलं तर इंजेक्शनांपायी सुट्टी संपेल.

पैसे सुटे न्या. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. इथलं कार्ड फुलवाल्या बाईकडे चालणार नाही, आणि पाचशेची नोट काढली की ती म्हणते सुटे नाहीत, मग तू लाजून सोडून देतेस. दोघींचे निम्मे-निम्मे पैसे एका पाकिटात घाला आणि चहा, रिक्षा, प्रसाद त्यातूनच द्या. देवीपुढं काय ठेवायचं ते मात्र ज्याचं त्यानं. एकीनं किती ठेवले हे दुसरीनं बघू नये. जेवायला ट्रस्टच्या प्रसादालयात बसा; साधं, गरम आणि भरवशाचं. गडावरच्या कुंडाचं पाणी डोळ्यांना लावा, पिऊ नका.

चैत्रात आणि दसऱ्याच्या आदल्या रात्री दरेगावच्या गवळी घराण्यातले पाटील देवळामागच्या सुळक्यावर जाऊन झेंडा लावतात. तिथं आपण चढायचं नसतं. कुणी पोरगं म्हणालं की मी वाट दाखवतो, तर त्याला चहा पाज आणि खाली ये.

प्रसादाचे पेढे घ्या, पण नाशिकमध्ये वाटून संपवा. दुधाचे पदार्थ भारतातून इथं आणायला बंदी आहे, हीथ्रोवर काढून घेतात. सुक्या खोबऱ्याला विमानवालेच नाही म्हणतात. माझ्यासाठी कुंकवाची एक पुडी आण आणि हिरव्या बांगड्या, सव्वादोनच्या मापाच्या. अडीचच्या आणू नकोस, आता त्या हातातून निसटतात.