एकच गॉगल घ्यायचा असेल तर सायकलचा घ्या

ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावरून सकाळी सायकलने कशेळीच्या पुलाकडे निघालं की रस्ता ईशान्येकडे जातो. उन्हाळ्यात उगवतीचं ऊन जवळजवळ समोरून येतं, हिवाळ्यात ते उजव्या डोळ्याच्या कडेने आत शिरतं. शेजारून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर धावत असतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, तेव्हापासून या पट्ट्यातले रहिवासी खोदकाम आणि धुळीशी जुळवून घेत आले आहेत. अशा रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला डोळ्यांवर काहीतरी हवं, हे पटवून द्यावं लागत नाही. प्रश्न पुढचा असतो. सायकलसाठी एक आणि बाजारहाट, ऑफिस, स्कूटर यांसाठी दुसरा असे दोन गॉगल घ्यायचे, की एकात भागेल? माझं उत्तर आहे, एकात भागतं. मात्र तो एक सायकलच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला असावा. सायकलवर नीट चालणारा गॉगल बाजारातही चालतो. बाजारात आरशात बघून आवडलेला गॉगल सायकलवर बहुतेक वेळा अपुरा पडतो.

याचं कारण समजण्यासाठी उन्हापासून डोळ्यांना नेमकं काय होतं ते पाहू. अमेरिकेत मेरीलँडच्या चेसापीक खाडीत काम करणाऱ्या ८३८ मच्छीमारांचा एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या डोळ्यांवर आयुष्यभरात किती अतिनील किरण पडले असतील, याचा हिशोब त्यात मांडला होता. ज्यांच्या वाट्याला अतिनील-बी किरण दुप्पट आले, त्यांच्यात कॉर्टिकल प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट आढळला. मोतीबिंदूच्या न्यूक्लिअर प्रकाराशी मात्र असा संबंध दिसला नाही, आणि डोळ्याच्या पडद्याच्या झिजेशीही नाही. हा तपशील मी मुद्दाम देतो आहे, कारण गॉगल घातला की डोळ्यांचे सगळे आजार टळतात असं सांगणारी जाहिरात खरी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या मोतीबिंदूंपैकी २० टक्क्यांपर्यंत मोतीबिंदूंना ऊन कारणीभूत असू शकतं किंवा ते त्यात भर घालत असावं. उरलेल्यांना वय, मधुमेह, तंबाखू, स्टेरॉइड अशी इतर कारणं असतात. दुसरा आजार म्हणजे टेरिजियम. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ होते. ऊन, वारा आणि धूळ यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत ती जास्त दिसते. खाडीवर जाणारे कोळी बांधव, वाहतूक पोलीस, मालाची घरपोच ने-आण करणारी मुलं आणि सायकलस्वार हे सगळे या बाबतीत एकाच रांगेत येतात.

टेरिजियम बहुतेक वेळा नाकाकडच्या बाजूनेच वाढतो. नाकाची बाजू तर सावलीतली, मग तिथेच का? याचा उलगडा ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांच्या कामातून झाला. कानाच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश बुबुळाच्या पुढच्या गोल भागातून वळतो आणि पलीकडच्या, नाकाजवळच्या कडेवर एकवटतो. त्या जागी त्याची तीव्रता जवळजवळ वीसपट होऊ शकते, असं त्यांच्या मोजमापातून दिसलं. म्हणजे समोरची काच कितीही उत्तम असली तरी बाजू उघडी असेल, तर सर्वांत अपायकारक वाट मोकळीच राहते. सपाट काचांचा, बारीक काड्यांचा, गालापासून दूर राहणारा फॅशनचा गॉगल इथे हरतो. त्यामुळे माझ्या क्रमात पहिली अट आकाराची आहे. काच भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत पोचावी, कडेला कानाकडे वळलेली असावी, आणि गॉगल चेहऱ्याच्या जवळ बसावा, पण पापण्यांचे केस काचेला लागू नयेत. सायकलसाठी केलेले गॉगल वाऱ्यामुळे मुळातच असे बनवलेले असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही सकाळी लवकर निघतो, तेव्हा कुठे ऊन असतं? पहाटे साडेपाचला निघून साडेसातला घरी येणाऱ्याचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण आठ-साडेआठपर्यंत रस्त्यावर असणाऱ्यांनी जपानच्या कानाझावा इथले डॉ. हिरोशी सासाकी आणि सहकाऱ्यांचं संशोधन लक्षात घ्यावं. त्यांनी पुतळ्याच्या डोळ्यांच्या जागी संवेदक बसवून दिवसभर अतिनील किरण मोजले. सप्टेंबरमध्ये, सूर्याकडे तोंड केलेलं असताना, डोळ्यांवर सर्वांत जास्त मारा भर दुपारी झाला नाही. तो सकाळी ८ ते १० आणि दुपारी २ ते ४ या वेळांत झाला. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा भुवई आणि कपाळ डोळ्यांना आडोसा देतात. तिरपा सूर्य हा आडोसा चुकवून आत येतो. सायकलवर पुढे वाकून समोर बघत राहावं लागतं, आणि हेल्मेटची छोटी झडप अशा उन्हाला अडवू शकत नाही. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, आणि एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी यूव्ही निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वोच्च पायरीवर जाऊ शकतो. ढगांवरही भरवसा नको. पातळ ढगांतून ८० टक्क्यांहून जास्त अतिनील किरण खाली पोचू शकतात.

आता दुसरी अट. गॉगलच्या चर्चेत ती सहसा येतच नाही आणि माझ्या मते आपल्या रस्त्यांवर तीच सर्वांत तातडीची आहे. उन्हाचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो, ट्रकच्या टायरखालून उडालेल्या खडीचा एका क्षणात. पुढच्या वाहनाने उडवलेल्या खड्याचा वेग आणि तुमचा स्वतःचा वेग यांची बेरीज होते आणि तेवढ्या जोराने तो खडा आदळतो. साधी काच फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात, म्हणून सायकलवर काचेची भिंगं नकोत. पॉलिकार्बोनेटची भिंगं घ्या. ती हलकी असतात, सहजी फुटत नाहीत, आणि तो पदार्थ मुळातच बहुतेक अतिनील किरण शोषतो. चौकट धातूऐवजी लवचीक प्लॅस्टिकची बरी. पडल्यावर तारेसारखी काडी डोळ्याजवळ वाकणं धोक्याचं असतं. काड्या हेल्मेटच्या पट्ट्यांच्या बाहेरून ठेवाव्यात, म्हणजे आपटल्यावर गॉगल चेहऱ्यावर दाबला न जाता निसटून पडतो.

रंग आणि गडदपणा या गोष्टी त्यानंतर येतात. दुकानात मात्र ग्राहक याच गोष्टी आधी बघतो. काळी काच म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत चुकीची आहे. काळेपणा डोळ्यांना दिसणारा उजेड कमी करतो, आणि अतिनील किरण तर दिसतच नाहीत. ते अडवणारा गुण पूर्ण पारदर्शक भिंगातही असू शकतो. उलट, गडद पण अतिनील किरण न अडवणारी काच घातली, तर उजेड कमी झाल्याने बाहुली मोठी होते, डोळे किलकिले करण्याची नैसर्गिक सवय सुटते आणि किरणांना वाट रुंद होते. आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात गडदपणाच्या ० ते ४ अशा पायऱ्या आहेत. कॅटेगरी २ ची काच १८ ते ४३ टक्के उजेड आत येऊ देते, कॅटेगरी ३ ची ८ ते १८ टक्के. कॅटेगरी ४ ची काच वाहन चालवताना वापरायचीच नसते. समुद्रकिनाऱ्यावर पडून राहायचं असेल तर कॅटेगरी ३ ठीक. पण उड्डाणपुलाखालच्या अंधारातून एकदम उन्हात येणाऱ्याला, किंवा येऊरच्या झाडीतल्या ऊन-सावलीच्या पट्ट्यांतून उतरणाऱ्याला, सावलीतला खड्डा वेळेवर दिसायला हवा. म्हणून मी कॅटेगरी २ सुचवतो, रंग राखाडी किंवा तपकिरी. राखाडीत रंग आहेत तसे दिसतात, तपकिरीत खाचखळगे थोडे अधिक उठून दिसतात. निळ्या, लाल, आरशासारख्या काचा आवडीचा भाग आहेत, सिग्नलचे रंग नीट ओळखता येत असतील तर त्याला माझी हरकत नाही. भिंगं बदलता येणारा गॉगल मिळाला तर सोबतचं पारदर्शक भिंग पावसाळी संध्याकाळी आणि रात्री लावा. रंगीत काच लावून रात्री सायकल चालवणं म्हणजे थेट अपघाताला आमंत्रण.

पोलराइज्ड काचेबद्दल माझं मत दुकानदारांपेक्षा वेगळं आहे. ओल्या रस्त्यावरून किंवा खाडीच्या पाण्यावरून येणारी आडवी चकाकी ती छान कापते, आणि चारचाकी चालवणाऱ्याला त्याचा फायदा होतो. दोन चाकांवर मात्र तीच चकाकी पुढे पाणी किंवा सांडलेलं ऑइल असल्याची सूचना देते. शिवाय फोनचा आणि सायकलच्या मीटरचा पडदा काही कोनांतून काळा दिसतो. पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरण अडवणं हे दोन वेगळे गुण आहेत, हेही विसरू नका. सायकलसाठी त्याचे जादा पैसे देण्याची गरज मला दिसत नाही. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा जास्त उपयोगी आहेत, पण त्यांच्या मर्यादा माहीत असाव्यात. त्या अतिनील किरणांमुळे गडद होतात, त्यामुळे गाडीच्या पुढच्या काचेआड फारशा बदलत नाहीत. मेच्या उकाड्यात थंड हवेपेक्षा कमी गडद होतात. आणि पुन्हा उजळायला त्यांना काही मिनिटं लागतात, पुलाखालचा अंधार तेवढा थांबत नाही.

आता किंमत. ब्रँडचे हजारो रुपये मोजण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि त्याची गरजही नाही. किमतीवरून अतिनील किरणांपासूनचं संरक्षण ठरत नाही; स्वस्त प्लॅस्टिकचे कित्येक गॉगलही ते किरण अडवतात. अडचण एवढीच, की रस्त्यावरच्या गाडीवर चिकटवलेल्या ‘यूव्ही ४००’ च्या स्टिकरची खात्री कोण देणार? ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणं. हे तपासायचं यंत्र अनेक चष्म्याच्या दुकानांत असतं आणि तपासायला मिनिटही लागत नाही, तेव्हा निःसंकोच मागणी करा. ढोबळ अंदाज घ्यायचा तर नोटा तपासायचा जांभळा दिवा वापरता येतो. भारतीय नोटेवरचा क्रमांक आणि कागदातले बारीक धागे त्या दिव्याखाली चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये भिंग धरल्यावर ती चमक विझली, तर भिंग निदान बरेचसे किरण अडवतं आहे. फक्त दिव्याकडे थेट बघू नका. स्वस्त गॉगलचा खरा दोष बहुधा वेगळाच निघतो, तो म्हणजे वाकडीतिकडी दिसणारी काच. गॉगल हातभर लांब धरून त्यातून दाराची उभी चौकट बघा आणि हळूहळू हलवा. रेघ लाटेसारखी वळली तर तो गॉगल ठेवून द्या, कारण अशा काचेतून तासभर बघितलं तर डोकं दुखेल आणि अंतराचा अंदाजही चुकेल.

नंबरचा चष्मा असलेल्यांची अडचण खरी आहे. मोठा नंबर कडेला वळलेल्या भिंगात बसवला तर कडेचं दृश्य वेडंवाकडं दिसतं. त्यांच्यासाठी आत नंबरची छोटी चौकट बसणारा गॉगल, किंवा चष्म्यावरून घालता येणारा मोठा गॉगल हे मार्ग आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्यावर गॉगल घालावाच. लेन्स अतिनील किरण अडवणारी असली तरी ती पूर्ण डोळा झाकत नाही, आणि तिच्याखाली गेलेला धुळीचा कण फार त्रास देतो. चाळिशीनंतरच्या बायफोकलमधून खालचा रस्ता धूसर दिसतो, सायकलसाठी फक्त लांबच्या नंबरची भिंगं वेगळी करून घेतलेली चांगली. दमट हवेत काचेवर वाफ धरते, ही तक्रार सगळ्यांचीच असते. वरच्या कडेला हवेसाठी फटी असलेला गॉगल घेतला की ती बरीच कमी होते. घामट टी-शर्टने काच कोरडी पुसू नका, धुळीचे कण तिला ओरखडतात. आधी पाण्याखाली धरा.

एक आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो पालकांकडून येतो आणि त्यामागे शास्त्र आहे. मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत रोज ४० मिनिटं बाहेरचा जादा तास ठेवल्यावर तसा फरक दिसला आणि तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मग गॉगल घालून तो फायदा घालवायचा का? मोकळ्या उन्हात उजेड १ लाख लक्सच्या आसपास असतो, वर्गात तो काहीशे लक्स असतो. कॅटेगरी २ च्या काचेतून त्यातला पाचवा हिस्सा जरी आत आला, तरी तो वर्गातल्या उजेडाच्या कितीतरी पट भरतो. ‘ड’ जीवनसत्त्व तर त्वचेत तयार होतं, डोळ्यांत नाही. लहान मुलांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील किरण आत जाऊ देतं, म्हणून मुलांना बाहेर जरूर पाठवा, आणि सायकलवर असतील तेव्हा न फुटणाऱ्या भिंगांचा गॉगल घालून पाठवा. मुलांचे खेळण्यातले गॉगल या कामाचे नाहीत.

गॉगल असूनही डोळ्यात कण गेलाच, तर चोळू नका. सायकल बाजूला घ्या, स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर सोडा. खुपणं थांबलं नाही, उजेड सहन होईना, किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. रुमालाच्या टोकाने कण काढून घेऊ नका आणि औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका, त्याने बुबुळावरचा जंतुसंसर्ग झपाट्याने बळावू शकतो. आणि पूर्वी सहन होणारं ऊन अलीकडे गडद काचेशिवाय सहनच होत नसेल, तर आणखी काळा गॉगल शोधू नका, आधी डोळे तपासून घ्या.