अर्ज भरण्याआधी

अटलांटा

चि. मनू,


आधी तुझ्या आईचा फोन आला, मग तुझं पत्र. अमेरिकी काँग्रेसच्या हाउससाठी उभं राहण्याचा विचार तू मनापासून करते आहेस, हे दोन्हींवरून कळलं. आधी सैन्य, मग वकिली, त्यात मतदानाच्या हक्काचे आणि कैद्यांचे खटले, आणि आता हे. ‘मावशी, तुला काय वाटतं ते आडपडदा न ठेवता लिही,’ असं तू म्हटलंस, म्हणून लिहिते. तू उभं राहावंस असं मला वाटतं. मात्र कशासाठी आणि कोणत्या रीतीने, हे अर्ज भरायच्या आधी तुझ्या मनात पक्कं असायला हवं.

जिंकायची शक्यता किती, हे तुला सगळेच विचारतील. माझा प्रश्न दुसरा आहे: हरलीस तर मागे काय उरेल? या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर देत राहिलेला एक माणूस आपल्याच राज्यात होऊन गेला. ऑल्बनीच्या फेडरल कोर्टाच्या इमारतीला त्यांचं नाव आहे, तू ते वाचलं असशील. त्यांनी लढवलेली निवडणूक मात्र आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

सी. बी. किंग यांचा जन्म १९२३ साली ऑल्बनीतच झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नौदलात होते. पुढे फिस्क विद्यापीठात शिकून आणि मग क्लीव्हलंडला कायद्याची पदवी घेऊन ते गावी परतले. उत्तरेत राहून बरी वकिली करता आली असती. दक्षिण-पश्चिम जॉर्जियात त्या वेळी दुसरा कृष्णवर्णीय वकील नव्हता, आणि तिथेच त्यांनी पाटी लावली. १९६१-६२ साली ऑल्बनीत वर्णभेदाविरुद्ध चळवळ उभी राहिली, माणसं शेकड्यांनी तुरुंगात गेली, मार्टिन ल्यूथर किंग येऊन अटक करवून घेऊन गेले. त्या सगळ्यांची वकीलपत्रं या एका माणसाच्या टेबलावर येत होती. जुलै १९६२ मध्ये तुरुंगात मारहाण झालेल्या एका गोऱ्या कार्यकर्त्याची चौकशी करायला ते शेरीफच्या कार्यालयात गेले, तेव्हा शेरीफ कल कॅम्बल याने हातातल्या काठीने त्यांचं डोकं फोडलं. त्याच महिन्यात कॅमिलाच्या तुरुंगाबाहेर त्यांची गरोदर भावजय मॅरियन किंग हिला पोलिसांनी मारलं आणि तिचं मूल गेलं. एवढं सोसल्यावर एखाद्याने कोर्टाची पायरी सोडली असती तरी त्याला कोणी दोष दिला नसता. किंग कोर्टात जात राहिले.

आणि १९६४ साली ते काँग्रेससाठी उभे राहिले. नागरी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळापासून जॉर्जियातून हाउससाठी उभा राहिलेला हा पहिला कृष्णवर्णीय उमेदवार. ते वर्ष लक्षात घे. मतदान हक्क कायदा यायला अजून एक वर्ष होतं. नाव नोंदवायला गेलेल्या कृष्णवर्णीय माणसाला कारकून परत पाठवत असे, आणि त्याची नोकरी किंवा कसायला घेतलेली जमीन जाण्याचं भय खरं होतं. अशा मतदारसंघात किंग पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच हरले. १९७० साली गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा जिमी कार्टर आणि कार्ल सँडर्स यांच्या मागे तिसरे आले.

आता पुढचं बघ. १९७२ साली अटलांटातून अँड्र्यू यंग हाउसमध्ये गेले. १९९२ साली किंग जिथून हरले त्याच दुसऱ्या क्रमांकाच्या मतदारसंघातून सॅनफर्ड बिशप निवडून आले. बिशप सैन्यात होते, वकील होते आणि नागरी हक्कांचे खटले लढवत होते, म्हणजे तू ज्या वाटेने आलीस तीच त्यांची वाट. किंग १९८८ साली वारले, त्यांना हा दिवस दिसला नाही. पण आपल्यासारख्या माणसाचं नाव हाउसच्या मतपत्रिकेवर असू शकतं, हे त्या भागातल्या लोकांनी पहिल्यांदा त्यांच्या नावावरून पाहिलं होतं. १९९२ चा विजय एका वर्षाच्या प्रचारातून आलेला नाही, एवढं तू जाणून अस.

त्यांच्या कोर्टातल्या पराभवांचीही हीच गोष्ट आहे. चार्ली वेअर नावाच्या माणसावर बेकर काउंटीच्या शेरीफने १९६१ साली गोळ्या झाडल्या. तो वाचला. किंग यांनी त्याच्या वतीने भरपाईचा दावा लावला, आणि १९६३ साली सगळ्या गोऱ्यांच्याच ज्यूरीने शेरीफच्या बाजूने कौल दिला. त्या ज्यूरीतल्या एकाच्या दुकानासमोर निदर्शनं झाली, म्हणून सरकारने चळवळीतल्या लोकांवरच खटले भरले. त्यातलं एक अपील वरच्या कोर्टात गेलं, आणि १९६६ साली ज्यूरीच्या यादीतून कृष्णवर्णीयांना वगळलं गेल्यामुळे शिक्षा रद्द झाली. दोन वर्षांनी, १९६८ साली, काँग्रेसने फेडरल कोर्टांतली ज्यूरी कशी निवडायची याचा कायदाच केला. एक दावा हरला, त्यातून अपील उभं राहिलं आणि शेवटी देशभरासाठी कायदा झाला. वकिलाने कायदेमंडळात का जावं, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. निकालाने तुझ्या एका अशिलाला न्याय मिळतो. त्याच्यासारख्या हजारोंना तो मागावाच लागू नये, अशी तजवीज कायद्याने करता येते.

तो कायदा टिकवावाही लागतो. मतदान हक्क कायद्यामुळे जॉर्जियाला मतदानाचा कुठलाही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यावी लागत असे. २०१३ साली शेल्बी काउंटीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ती तरतूद निकामी केली. ती दुरुस्त करणारं जॉन लुइस यांच्या नावाचं विधेयक २०२१ साली हाउसमध्ये मंजूर झालं आणि सीनेटमध्ये अडलं. तू उभी राहणार असशील तर या एका गोष्टीसाठी उभी राहा. मतदारांना दहा आश्वासनं देण्यापेक्षा हे एक काम त्यांच्या रोजच्या जगण्याशी कसं जोडलेलं आहे ते समजावून सांग: मतदान केंद्र कुठे असेल, यादीतून नाव का कापलं जातं, रांग ठरावीक लोकांच्याच वस्तीत लांब का असते.

आपल्याकडचं उदाहरण तुला सांगायला नकोच. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून हरले, १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून हरले. तरी ज्या मतदाराने त्यांना नाकारलं, त्या प्रत्येकाच्या हातातलं मत त्यांनीच लिहिलेल्या घटनेने दिलेलं होतं. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून इथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन्ही देशांतल्या या लढायांना एकमेकींची ओळख फार जुनी आहे. ती तू पुढे चालवते आहेस, याचा मला अभिमान आहे.

आता तुझ्या गणवेशाबद्दल. तू सैन्यात होतीस हे लोकांना जरूर सांग, ते सत्य आहे आणि तू कष्टाने मिळवलेलं आहे. गणवेशातला फोटो छापलास तर त्याला सैन्याचा किंवा संरक्षण खात्याचा पाठिंबा नाही, ही ओळ ठळक दे. प्रत्येक प्रश्नाला सैन्यातली नोकरी हे उत्तर मात्र देऊ नकोस. आपल्याच जॉर्जियातल्या टेलर काउंटीत मेसिओ स्नाइप्स नावाचा माजी सैनिक होता. १७ जुलै १९४६ रोजी प्राथमिक निवडणुकीत त्याने मत दिलं. दुसऱ्या दिवशी त्याला गोळी घातली आणि त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. देशासाठी लढून आलेल्या माणसाला मताचा हक्क आपसूक मिळाला नव्हता. तुझ्या नोकरीचा आदर म्हणून कोणी तुला अवघड प्रश्न विचारायचं टाळत असेल, तर तो प्रश्न तूच काढ. सैन्यात घेतलेली शपथ घटनेची होती, आणि हाउसमध्ये घ्यायची शपथही घटनेचीच आहे. त्या शपथेचा जाब मागण्याचा हक्क मतदाराला आहे.

मग तुझी अशिलं. निवडून आलीस तर वकिलीचे पैसे घेता येणार नाहीत, हाउसचा नियम तसा आहे. म्हणजे हातातले खटले कोणाकडे सोपवायचे, हे आजच ठरव आणि ते त्या माणसांना तू स्वतः जाऊन सांग. तुरुंगात बसलेल्या माणसाला आपली वकील निवडणुकीला उभी आहे हे वर्तमानपत्रातून कळता कामा नये. त्यांच्या कहाण्या प्रचारात वापरू नकोस. कोणी आपण होऊन संमती दिली तरी दोनदा विचार कर, कारण तुझ्यावर अवलंबून असलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

पैशाचंही स्पष्ट लिहिते. जॉर्जियात हाउसच्या उमेदवारीच्या अर्जाची फीच ५,२२० डॉलर आहे, आणि खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. महाराष्ट्र मंडळातली माणसं प्रेमाने मदत करतील. नागरिक असलेल्यांची आणि ग्रीन कार्डवाल्यांची देणगी कायद्याने चालते. पुण्याहून तुझ्या काकांनी किंवा इथे व्हिसावर असलेल्या एखाद्या मुलाने पैसे देऊ केले, तर नमस्कार करून परत कर. अशा परदेशी नागरिकाचा एक डॉलरही घेणं बेकायदेशीर आहे. आणि मंडळाच्या टाळ्यांवर जाऊ नकोस. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून हाउसवर निवडून आले, त्याचा आपल्याला आनंद झाला. पण त्यांना निवडून दिलं ते डेट्रॉइटच्या मतदारांनी. तुझ्या मतदारसंघातली चर्चची तळघरं, न्हाव्यांची दुकानं, शेतमजुरांच्या वस्त्या, माजी सैनिकांची सभागृहं, तुझी माणसं तिथे आहेत. मतदारसंघातच राहिलं पाहिजे असं घटना म्हणत नाही, राज्यात राहणं पुरे आहे. तरीही तू तिथेच घर कर. ज्या रस्त्याची तक्रार ऐकायची, त्या रस्त्याने रोज जाता आलं पाहिजे.

तुझ्यावर चिखलफेक होईल. तुझं नाव, तुझा रंग, कैद्यांसाठी उभी राहिलेली वकील म्हणून तुझा धंदा, सगळं काढतील. कैद्यांचं काम लपवू नकोस आणि त्याबद्दल माफीही मागू नकोस. ज्याला कोणी नाही त्याच्या बाजूने उभं राहणं हेच तुझं काम होतं, आणि तेच काम मोठ्या जागी करायला तू निघाली आहेस. आई घाबरली आहे, तिला वेळ दे. तिची भीती प्रेमातून आलेली आहे, तिच्याशी वाद घालून ती जाणार नाही. तिला एखाद्या नोंदणीच्या दिवशी बरोबर घेऊन जा. पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्या म्हाताऱ्या माणसासमोर ती बसली की तुला जास्त काही सांगावं लागणार नाही.

अर्ज मार्चमध्ये भरायचा आहे. त्याआधी एका कागदावर लिहून काढ: निकालाच्या दुसऱ्या दिवशी, हरलेली असताना, मी काय करणार? किती नवे मतदार नोंदलेले असतील, कोणत्या गावात कोण कार्यकर्ती तयार झालेली असेल, कोणता खटला मी पुन्हा हातात घेईन, पुढच्या वेळी माझ्याऐवजी कोणाला उभं करता येईल. हे नावांसकट लिहिता आलं तर निःशंकपणे अर्ज भर. त्या दिवसापासून मी तुझ्या कार्यालयात फोन घ्यायला बसेन. लिहिता आलं नाही, तर दोन वर्षं थांब आणि आधी ती माणसं जोड. हाउसची निवडणूक दर दोन वर्षांनी येतेच.

तुझी,
मावशी